ऑपरेशननंतर कच्च्या रस्त्याने घरी : पेशंटची सीट कशी लावायची

बाबांची बायपास झाल्यावर कोल्हापूरहून त्यांना गावी आणायचं ठरलं, तेव्हा गाडीची तयारी म्हणून मी एकच गोष्ट केली. चार इंची मऊ फोमची गादी आणली. दुकानदार म्हणाला, “ताई, ढगावर बसल्यासारखं वाटेल.” गगनबावड्यापर्यंत तसं वाटलंही. करूळ घाट उतरलो, वैभववाडी मागे पडली, आमच्या वाडीचा फाटा आला आणि डांबर संपलं. पुढचा तीन किलोमीटर रस्ता म्हणजे तांबडी माती आणि तिच्यातून वर आलेला जांभा दगड. तिथे त्या ढगाने बाबांना उडवायला सुरुवात केली. गाडी एकदा आपटायची, बाबा दोनदा. दर गचक्याला त्यांचा हात आपोआप दारावरच्या कडीकडे जायचा. तारेने बांधलेलं छातीचं हाड त्या ओढीने कळ मारायचं, आणि ते आवाज न करता डोळे मिटून घ्यायचे. घरी पोचल्यावर म्हणाले, “ऑपरेशन परवडलं. तिथे निदान भूल तरी देतात.”

दोन वर्षांनी आत्याचा खुबा बदलला. गाडी तीच, शेजारच्या वडापवाल्या, म्हणजे खेड्यापाड्यांत प्रवासी नेणाऱ्या, दादांची जीप. रस्ता आणखी दोन पावसाळे खाऊन जास्तच बिघडलेला. आत्या मात्र फाट्यापासून अर्ध्या वाटेवर चक्क घोरत होती. बाबांच्या वेळी मी पेशंटला मऊ बसवायला बघत होते, आत्याच्या वेळी घट्ट बसवलं. फरक तेवढाच, पण तो करायला बरंच काही करावं लागतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कुठल्या पेशंटने कधी प्रवास करायचा हे सर्जननेच ठरवायचं. ‘जा’ म्हटल्यावर गाडीत काय करायचं, एवढंच इथे आहे.

शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात

आपण तयारी हॉस्पिटलच्या दारापासून करतो आणि शेवटचा कच्चा तुकडा ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणून सोडून देतो. उलट करा. आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी तो तुकडा चालत जाऊन बघावा. मोटरसायकलवरून बघू नका, ती खड्डा चुकवून जाते आणि सगळं ठीकच वाटतं. बरोबर कुदळ, फावडं आणि दोन घमेली असू द्यात. सगळा रस्ता दुरुस्त होणार नाही, पण पेशंटला खरा त्रास देणाऱ्या जागा पाच-सहाच असतात. त्यातही सगळ्यात वाईट म्हणजे नळाच्या पाइपासाठी कुणीतरी खणलेले आणि अर्धवट बुजवलेले आडवे चर. खड्ड्यात एक चाक जातं, चरात दोन्ही चाकं एकदम जातात आणि धक्का सरळ कण्यात येतो. आमच्या वाटेवर असे तीन चर होते. दोन माणसांनी एका सकाळीत मुरूम टाकून, वर दगडी चिपा ठोकून ते बुजवले. अख्ख्या प्रवासात इतका फायदा दुसऱ्या कशाचा झाला नाही.

गाडी अंगणात येत नसेल तर उरलेल्या वाटेचंही आधीच ठरवा. चादरीच्या झोळीतून किंवा डोलीतून नेण्याची आपल्याकडे सवय आहे, पण झोळीत माणूस मधोमध वाकतो, आणि खुब्याच्या किंवा मणक्याच्या पेशंटला नेमकं तेच नको असतं. हात असलेली भक्कम लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या, पेशंटला कमरेशी आणि छातीखाली रुंद उपरण्याने सैलसर बांधा आणि चौघांनी उचला. प्लॅस्टिकची खुर्ची नको. तिचा पाय कधी वाकेल ते सांगता येत नाही.

वेळही शेवटापासून मागे मोजा. कच्चा तुकडा उजेडी पार पडला पाहिजे, कारण पाणी भरलेल्या खड्ड्याची खोली अंधारात कळत नाही. पावसाळ्यात आमच्या मार्गावर आणखी एक भानगड असते. कुंभी नदीला पूर आला की मांडुकलीजवळ गगनबावड्याचा रस्ताच पाण्याखाली जातो. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. प्रत्येक मार्गाला अशी काहीतरी खोड असतेच, आणि ती तिकडच्या एसटी ड्रायव्हरला ठाऊक असते. निघण्याआधी त्याला विचारा.

डॉक्टरांना काय विचारायचं

“प्रवास केला तर चालेल का?” असं विचारलं की “चालेल, सावकाश जा” हेच उत्तर येतं, कारण समोरच्याच्या डोळ्यांसमोर हायवे असतो. नीट सांगा : साडेतीन तासांचा प्रवास आहे, घाट आहे, शेवटचा पाऊण तास खड्ड्यांचा कच्चा रस्ता आहे. मग विचारा. एका बैठकीत किती वेळ बसवायचं? पाठ किती कलती ठेवायची? कुठली हालचाल अजिबात नको? दुखण्याची गोळी निघण्याआधी किती वेळ द्यायची? घाटात उलटी होऊ नये म्हणून काही द्यायचं का? पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका किती, आणि त्यासाठी मोजे किंवा औषध हवं का? लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी द्यायची? उत्तरं डिस्चार्ज कार्डाच्या मागेच लिहून घ्या.

उलटीचा प्रश्न किरकोळ वाटतो, तो तसा नाही. पोटावर किंवा छातीवर टाके असताना घाटातल्या एका उलटीने जेवढा ताण येतो, तेवढा दहा खड्ड्यांनी येत नाही. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं खाणं. पोट गच्च भरलेलं नको आणि रिकामंही नको.

ऑपरेशन कुठलं, त्यावर बैठक

छातीच्या ऑपरेशनमध्ये मधलं हाड उभं कापून पुन्हा तारेने बांधतात. ते जुळायला साधारण दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. तोवर हाताने काहीही ओढणं, ढकलणं, दोन्ही हातांवर भार देऊन उठणं बंद. म्हणून दारावरची कडी हा अशा पेशंटचा शत्रू आहे. मी आता त्या कडीला फडकं गुंडाळून टाकते, म्हणजे हात गेला तरी पकड बसत नाही. या पेशंटला मधल्या रांगेत बसवा. पुढे बसलं तर एअरबॅग उघडल्यावर फटका नेमका छातीवर बसतो. छातीशी धरायला छोटी, घट्ट उशी द्या. खोकला आला, शिंक आली, मोठा गचका येताना दिसला की दोन्ही हातांनी ती उशी छातीशी दाबायची. कडीचं काम उशीने करायचं.

पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनाही, म्हणजे सिझेरियन, गर्भाशय, हर्निया, आतडी, उशी लागतेच, पण बैठक वेगळी. पाठ थोडी कलती आणि गुडघ्यांखाली गुंडाळी, म्हणजे पोटाचे स्नायू सैल राहतात. अगदी ताठ बसवलं तर टाक्यांवर घडी पडते. अगदी आडवं केलं तर पट्ट्याखालून माणूस पुढे घसरतो, आणि ते जास्त धोक्याचं.

खुब्याच्या पेशंटला साधारणपणे तीन गोष्टींची बंदी असते : खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. गाडीच्या भाषेत याचा अर्थ असा, की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. बुटक्या कारच्या खोल सीटमध्ये ते जमत नाही. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवून, पाठ थोडी कलती करून, बसण्याची जागा गादीने उचलून घ्या. ज्या गाडीची पुढची सीट मागे सरकतच नाही, ती गाडी या पेशंटला बाद.

गुडघ्याच्या पेशंटला पाय लांब करायला जागा हवी, आणि एकाच स्थितीत तो फार वेळ ठेवता येत नाही. मणक्याच्या पेशंटला पीळ चालत नाही. खांदे आणि कंबर एकाच वेळी, एकाच दिशेला वळली पाहिजेत. कमरेच्या पोकळीत मनगटाएवढी टॉवेलची गुंडाळी आणि पाठ थोडी कलती. ताठ बसलं की मणक्यांमधल्या चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षाही वाढतो, आणि पाठ टेकवून मागे रेललं की तो कमी होतो.

मधोमध भोक असलेली रबरी रिंग मेडिकलवाला पटकन काढून देतो. भोकाच्या कडेवर सगळा भार येतो आणि तिथलं रक्त अडतं. मूळव्याधीच्या किंवा त्या भागातल्या ऑपरेशननंतर सर्जनने मुद्दाम सांगितली असेल तरच घ्या.

गाडी, आणि तांब्याची परीक्षा

पहिला विचार अँब्युलन्सचा येतो. ऑक्सिजन, सलाइन, बसताच न येणं, यांपैकी काही असेल तर दुसरा विचार करूच नका. पण ‘आडवं झोपवलं की हादरे लागणार नाहीत’ ही समजूत चुकीची आहे. बऱ्याच अँब्युलन्समध्ये स्ट्रेचर मागच्या चाकांवर येतो, आणि आदळआपट नेमकी तिथे जास्त असते. ज्याला बसता येतं त्याला कच्च्या रस्त्यावर नीट लावलेली सीट बरी पडते. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, पण ती आणीबाणीसाठी. घरी सोडायला ती मागू नये.

गाडी निवडताना उंचीचं गणित करा. पेशंटला उभं करून मांडीचा मध्य आणि बसायचा भाग यांची जमिनीपासूनची उंची मोजा. सीटची उंची या दोहोंच्या मध्ये आली तर चढणं-उतरणं सोपं. कार फार खाली येते, जीप फार वर. जीप वर आली तर पायरी लावता येते, खाली गेलेल्या कारला काही करता येत नाही. कच्च्या रस्त्याला जीपची चाकंही मोठी असतात आणि पोटाला दगड लागत नाही. तिचा अवगुण मागच्या पाट्यांत, म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, आहे. बोलेरोसारख्या गाडीला मागे पाटे असतात, आणि गाडी रिकामी असली की पाटे दबत नाहीत, ताठ राहून उडवतात. वडापवाल्या दादांनी आत्याच्या वेळी मागे दोन पोती भात टाकलं आणि दोरीने करकचून बांधलं. मला वाटलं, जाताजाता गिरणीचं काम उरकून घेतायत. ते म्हणाले, “ताई, भरली गाडी चालते, रिकामी गाडी नाचते.” पोती बांधलेलीच हवीत, नाहीतर घाटात ब्रेक लागला की ती पुढे येतात.

चाकातली हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, कधी त्यावर कमी माणसांचा आणि पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो. पंक्चरवाले विचारल्याशिवाय चार-पाच पॉइंट जास्त भरतात आणि टायर दगडासारखा होतो. सकाळी गाडी थंड असताना हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आणा.

आता कुठल्या जागी बसवायचं? तांब्या घ्या. काठाच्या दोन बोटं खाली राहील इतकं पाणी भरा. पेशंटच्या साधारण वजनाचा धडधाकट माणूस तो मांडीवर घेऊन एकेका सीटवर बसवा आणि कच्च्या रस्त्यावर दोनशे मीटर गाडी चालवा. ही परीक्षा दादांची. आम्ही केली तेव्हा माझा भाऊ आधी मागच्या आडव्या बाकावर बसला. शंभर मीटरमध्ये पँट भिजली, तांब्यात तळाला चार बोटं पाणी. पुढच्या सीटवर निम्म्याहून जास्त राहिलं. मधल्या रांगेत, ड्रायव्हरच्या मागे, फक्त वरची कड ओली झाली. कारण सरळ आहे : पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यात कमी वर-खाली होतो. ड्रायव्हरच्या मागची बाजू डावीपेक्षा बरी का, ते आमच्यासारख्या एकेरी रस्त्यावर कळतं. समोरून एसटी आली की डावी चाकं साइडपट्टीवरून खाली उतरतात.

ऑपरेशनचा नियम मात्र तांब्याच्या वर. मधली जागा चांगली असूनही आत्याला पुढेच बसवावं लागलं, कारण पाय वाकवायचा नव्हता.

सीट रचणं

मऊ गादी का फसते ते आधी समजून घ्या. बसलेल्या माणसाचं धड उभ्या हादऱ्यांना सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा या गतीला सगळ्यात जास्त साथ देतं, म्हणजे हादरा जेवढा येतो त्याहून जास्त हलतं. जाड मऊ फोमवर माणूस बसला की तोही जवळपास त्याच गतीला झोके घेतो. दोघांची लय जुळते आणि धक्का वाढतो. शिवाय मोठ्या खड्ड्यात असा फोम पूर्ण दबतो आणि खालची लोखंडी चौकट लागते. बाबा दोनदा आपटत होते ते यामुळे.

म्हणून खालून वर असं रचा. सीटमध्ये मधोमध खळगा असतोच. तो जुन्या चादरीच्या घड्यांनी भरून पृष्ठभाग सपाट करा, नाहीतर माणूस एका कुशीवर कलतो. त्यावर दोन इंच जाडीचा घट्ट फोम. गादीवाल्याकडे ‘चाळीस डेन्सिटी’ मागा आणि अंगठ्याने दाबून बघा. सहज तळाला लागला तर नको. त्यावर चौघडी केलेली गोधडी. आमच्या आजीची लुगड्यांची गोधडी, घाटावर जिला वाकळ म्हणतात, ती या कामाला बाजारातल्या कुठल्याही कुशनपेक्षा सरस निघाली. सुती थरांना उसळी नसते. दाबलं की दबतात आणि तिथेच राहतात. वर सुती पांढरी चादर, म्हणजे रेक्झिनचा घाम नाही आणि टाक्यांतून काही पाझरलं तर लगेच दिसतं.

हे झालं बूड. बहुतेकजण इथेच थांबतात. कच्च्या रस्त्यावर उभ्या धक्क्यापेक्षा डावी-उजवीकडचे हेलकावे जास्त दुखवतात, कारण तोल सावरायला पोट, कंबर, छाती सगळीकडचे स्नायू आवळले जातात. अंगाला सावरायचं कामच पडू नये अशी व्यवस्था करा. दोन ब्लँकेटांच्या घट्ट गुंडाळ्या सुतळीने बांधून काखेखालून खुब्यापर्यंत दोन्ही बाजूंना ठासा, एक दाराच्या बाजूला, एक आतल्या. आत्याला बसवून गुंडाळ्या ठासल्या तेव्हा ती म्हणाली, “काय गो, आंब्याच्या पेटीत भरतंस काय माका?” बरोबर तेच. पेटीत पेंढा आंबा मऊ राहावा म्हणून घालत नाहीत, हलू नये म्हणून घालतात.

पाय लोंबकळता कामा नयेत. लोंबकळले की मांडीची मागची बाजू सीटच्या कडेवर दाबली जाते आणि रक्त अडतं. त्यासाठी दहा किलो तांदळाची पिशवी पायाखाली ठेवा. ती सरकत नाही, पावलाच्या आकाराची होते आणि घरी पोचल्यावर वायाही जात नाही. खुब्याच्या पेशंटला पिशवी पातळ पसरा, गुडघे वर यायला नकोत. मानेला उशी द्या, पण डोकं पुढे ढकलणारी जाड नको.

लघवीची पिशवी किंवा ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिची पिशवी) असेल तर ती नेहमी मूत्राशयाच्या किंवा जखमेच्या खालच्या पातळीला हवी. मांडीवर कधीच नाही, आणि फरशीवर लोळतीही नाही. सीटच्या कडेला एस आकाराच्या हुकाने टांगा आणि नळी गुंडाळीखाली चेपली नाही ना, ते हात फिरवून बघा.

पट्टा

“टाके आहेत, पट्टा कशाला?” असं घरातले मोठे हमखास म्हणतात. टाके आहेत म्हणूनच. खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाखालून, कमरेच्या दोन्ही हाडांवरून गेला पाहिजे. वरचा खांद्याच्या मधून, छातीवरून तिरपा. काखेखालून किंवा पाठीमागून घेतलेला पट्टा नसल्यासारखाच. जखमेवर घासत असेल तर मध्ये घडी केलेला पातळ नॅपकिन ठेवा. जाड उशी पट्ट्याच्या आत घातली तर पट्टा सैल राहतो. उशी पट्ट्याच्या बाहेरून, हातात. गोधडीने बूड उंचावलं की पट्टा वर सरकून पोटावर येतो, म्हणून पेशंटला बसवल्यावर तो पुन्हा तपासा.

चढवताना

गाडी चढावर किंवा उतारावर नको, सपाट जागी लावा. जीपसाठी भक्कम लाकडी खोका बरोबर ठेवा. घरी उतरताना जांभ्याचे दोन चिरे आडवे मांडले की सात-एक इंचाची पायरी तयार होते आणि ती हलत नाही. स्वयंपाकघरातला पाट वापरू नका, कडेवर पाय पडला की उलटतो.

पाय आधी आत टाकून चढायची आपली सवय मोडायची. पेशंटने सीटकडे पाठ करायची, मांड्यांच्या मागे सीटची कड लागेपर्यंत मागे यायचं, मग हळूच टेकायचं. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी पसरलेली असेल तर तिच्यावरून अंग सहज मागे सरकतं. मग दोन्ही पाय जोडलेले ठेवून, एकाने पाय आणि दुसऱ्याने खांदे धरून, अंग एकत्र वळवायचं. बसवून झालं की पिशवी ओढून काढा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला माणूस पुढे घसरतो. छातीच्या पेशंटला काखेत हात घालून उचलायचं नाही. हात पाठीमागे आणि कमरेला.

गाडी चालवणाऱ्यासाठी

हे ड्रायव्हरला वाचून दाखवा. खड्ड्याच्या आधी ब्रेक, खड्ड्यात ब्रेक सोडलेला. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं तोंड खाली बसतं, पुढचे शॉकअप आधीच दबलेले असतात, आणि खड्डा घ्यायला त्यांच्याकडे काही उरत नाही. कच्च्या तुकड्यावर पहिला गिअर, रेस न देता, माणूस चालतो त्या वेगाने. बाबांच्या वेळी आमचे तीन किलोमीटर १२ मिनिटांत झाले, आत्याच्या वेळी ३५. स्पीडब्रेकर आणि चर तिरपे घ्यायची सवय असते. कारचं पोट वाचवायला ते ठीक, पण त्यात अंग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला कलतं. पेशंट असताना सरळ घ्या, दोन्ही चाकं एकदम, अगदी रांगत.

मोठा धक्का टळणारच नसेल तर आधी सांगा. “आता एक येतोय” एवढंच. कल्पना असलेला आणि नसलेला गचका यांत पेशंटला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. मातीच्या रस्त्यावर काचा बंद ठेवा, धुळीने खोकला येतो आणि खोकल्याने टाके दुखतात. गाणी चालतील. उपदेश नको.

वाटेत

पाऊण तास ते तासाभराने थांबायचंच, पेशंट झोपला असला तरी. आम्ही कळ्याला एकदा, असळजच्या पुढे एकदा आणि घाटाच्या तोंडाशी गगनबावड्याला एकदा थांबलो. खाली उतरून चार पावलं चालवा. उतरवणं शक्य नसेल तर बसल्याबसल्या पावलं वर-खाली, वीस-पंचवीस वेळा. मोठ्या ऑपरेशननंतर, खासकरून खुब्याच्या आणि गुडघ्याच्या, काही आठवडे पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि तासन्तास बसून राहणं त्यात भर घालतं. वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून कितीतरी पेशंट, बायका तर हमखास, पाणी पीतच नाहीत. त्याने रक्त घट्ट होतं. पाणी बंद करायला सर्जनने सांगितलं नसेल तर घोट घोट देत राहा आणि गाडीत भांडं ठेवा. लाज वाटेल, पण आत्या म्हणाली तसं, “हॉस्पिटलात लाज ठेवूनच इलंय.”

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, टाक्यांतून ताजं रक्त आलं, मणक्याच्या पेशंटचे पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, यांपैकी काहीही झालं तर ‘आता घर जवळच आहे’ म्हणून पुढे जायचं नाही. थांबा, १०८ ला फोन करा, डिस्चार्ज कार्डावरच्या वॉर्डच्या नंबरवर कळवा. छातीच्या हाडात कटकट आवाज जाणवला तर तेही त्याच दिवशी सर्जनला सांगा.

अंगणात गाडी लागली की ओवाळायला माणसं जमतात. जमू द्यात, पण पेशंटला उंबऱ्याशी उभं करून ठेवू नका. आधी दहा पावलं चालवा, मग टाके बघा, मग आडवं करा. पायांवर पुढचे दोन आठवडे लक्ष असू द्या.

गोधडी, फोम, गुंडाळ्या सोडवू नका. तशाच एका पोत्यात भरून ठेवा, टाके काढायला पुन्हा जायचंय. पण त्याआधी सर्जनला एक फोन करा. टाके तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात काढले तर चालतील का, असं विचारा. आत्याच्या वेळी ते “चालतील” म्हणाले आणि करूळ घाटाची एक खेप वाचली. बाबांच्या वेळी विचारायचं मला सुचलंच नव्हतं.